एकाच फोनवरून एकोणीस जण

थांबा. आधी नाव आणि पासवर्ड सांगा. त्याशिवाय मी कुणाशी बोलत नाही, पण आज तुमच्यासाठी नियम मोडतो.

मी जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या एका आरोग्यकेंद्राच्या वेबसाइटचा दरवाजा. पूर्वी ती साइट सताड उघडी असायची. कुणीही यावं आणि दुसऱ्याची डॉक्टरांकडची वेळ पुसून आपली लावावी. म्हणून केंद्रातलं संगणकाचं काम बघणाऱ्या वेनिंगने मला जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलं. खाती उघडायची, पासवर्ड ताडून बघायचा, शंका आली की कुलूप घालायचं. माणसं पासवर्ड विसरतात आणि खापर माझ्यावर फोडतात, त्यामुळे माझाही कुणावर भरवसा उरलेला नाही.

एका सोमवारी एकाच फोनवरून एकोणीस खाती उघडली. पासवर्ड सगळ्यांचा एकच, आणि निम्म्यांचा जन्म एक जानेवारीचा. चोर सापडला म्हणून मी खूश झालो आणि एकोणीसही खात्यांना कुलूप ठोकलं.

साडेअकराला गल्लीप्रमुखाची बायको बू, म्हणजे बाई, लास्त्री फोन नाचवत केंद्रात आल्या. मागे काठी टेकत म्हाताऱ्या म्बाह, म्हणजे आजी, सुमिनी. त्यांचं इन्सुलिन कालच संपलं होतं, आणि बारापर्यंत वेळ पक्की केली नाही तर ती दुसऱ्याला जाणार होती.

"वेनिंग, तुझ्या दरवाजाने मला चोर ठरवलं गं. लग्न असो, मयत असो, गल्लीची नावं मीच लिहिते ना?"

"पण बू, सगळ्यांचा पासवर्ड एकच?"

"मग एकोणीस लक्षात कोण ठेवणार, तू?"

"आणि ही एक जानेवारी?"

म्बाह म्हणाल्या, "माझी तारीख कुणी लिहूनच ठेवली नाही बाई. कार्डवाल्याने हीच घातली."

वेनिंगने कपाळावर हात मारला. तिची स्वतःची आजीही एक जानेवारीचीच होती. तिने कुलपं काढली तेव्हा बारा वाजायला चार मिनिटं होती; म्बाहांची वेळ कशीबशी वाचली. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

त्या आठवड्यात तिने माझ्यात नव्या ओळी लिहिल्या. आता बू लास्त्रींचं एकच खातं आहे, आणि त्यात गल्लीतल्या एकोणीस जणांची नावं. आत सोडताना मी विचारतो, "कुणाकुणासाठी आलात?"

दर सोमवारी त्या एकोणीसही नावं सांगतात. गेल्या सोमवारी मात्र त्या लग्नघरच्या घाईत होत्या. नावं अठराच आली, म्बाहांचं नव्हतंच. मला लगेच संशय आला आणि मी वेनिंगला कळवलं. ती धावत म्बाहांच्या घरी गेली, तर त्या चक्कर येऊन पायरीवर बसलेल्या.

आता त्या बऱ्या आहेत. तेव्हा मला संशयी म्हणायचं तर खुशाल म्हणा. फक्त जाताना सांगून जा, तुम्ही कुणासाठी आला होतात?