व्हार्निशचा आणखी एक हात

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, अशी आमच्या गाडीची गत झाली होती. शाळेची जुनी व्हॅन घेऊन आमच्या ह्यांनी तिच्यात पलंग बसवला, ओटा केला, कपाटं केली. राहिलं होतं फक्त लाकडाचं व्हार्निश, आणि ते काही संपत नव्हतं. एक हात मारायचा, वाळू द्यायचा, पॉलिश पेपरने घासायचं, पुसायचं, मग दुसरा हात. तीन हात झाले की निघू, असं ठरलं होतं. तीन झाले, तर म्हणे अजून एक हवा.

ह्यांनी उभा जन्म बस चालवली. लोकांना समुद्रावर नेऊन सोडलं, डोंगरावर नेऊन सोडलं, आणि मी घरी डबे भरत राहिले. निवृत्त झालो की तुला नेईन, असा शब्द होता. निवृत्तीला वर्ष उलटलं तरी आमचं घोडं अंगणातच. माझी बॅग भरून झाली होती, रिकामी करून झाली होती, पुन्हा भरून झाली होती. आपण कधीच निघणार नाही, ही भीती मला आता जेवतानाही सोडत नव्हती.

कपाटांची दारं काढून ह्यांनी शेडमध्ये दोन भिंतींना ओळीने उभी केली होती. डावीकडची झालेली, उजवीकडची घासून ठेवलेली. कुणी हात लावायचा नाही, अशी ताकीद. पण मला स्वस्थ बसवतं कुठे? उजवीकडच्या भिंतीला ऊन येतं, झालेली दारं तिथे लवकर पक्की होतील म्हणून ती मी तिकडे नेली आणि तिथली डावीकडे आणून ठेवली. एवढं तर कुणालाही दिसलं असतं, म्हणून सांगितलंही नाही.

दुपारी चहा घेऊन गेले तर हे उजवीकडच्या चकाकत्या दारांवरच ब्रश फिरवत होते. न घासता मारलेलं व्हार्निश ओघळून खाली जमत होतं. घासून पांढरट पडलेली दारं पलीकडे तशीच कोरडी. माझा पारा चढला. मुद्दाम वेळ काढताय, म्हटलं. जायचं नाही तर सरळ सांगा, नाचता येईना अंगण वाकडं कशाला? ह्यांनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा तर माझा तोलच गेला.

"कुठली झालीत आणि कुठली राहिलीत, हे आंधळ्यालाही कळेल!"

ह्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"नाही कळत," ते म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे पाहावं तेच मधोमध धूसर होतं. डॉक्टरांकडे हे एकटेच जाऊन आले होते. गाडी चालवायची नाही, असं त्यांनी बजावलं होतं. दारं हे जागा लक्षात ठेवून आणि फक्त कडा बोटांनी चाचपून करत होते. व्हार्निश चालू आहे तोवर 'कधी निघायचं' याला उत्तर होतं.

मला ह्यांचा राग आला, माझ्या जिभेचा त्याहून आला, आणि समुद्र गेला म्हणून रडूही आलं. हे म्हणाले, गाडी विकून टाकू, निदान कुणीतरी फिरेल.

"विकायची कशाला? मी चालवीन."

"तू? या वयात?"

"डोळे गेलेत, तोंड तर शाबूत आहे ना? शेजारी बसा आणि शिकवा."

ह्यांना दुसऱ्याच्या गाडीत बसणं कधीच जमलं नाही. रिक्षात बसले तरी ह्यांचा पाय ब्रेक शोधतो. ते बराच वेळ बोटांना लागलेलं व्हार्निश फडक्याने पुसत राहिले. मी घरातून किल्ली आणली.

गाडीजवळ आल्यावर हे सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी गेले. हँडलवर हात ठेवून उभे राहिले. मग बॉनेटवर हात टेकत टेकत ते पलीकडे गेले, दार उघडून बसले आणि पट्टा लावला.

"क्लच पूर्ण दाब," ते म्हणाले.