बोरडोहच्या वाचनवर्गाचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझी मूठ सागवानाची आहे. रबर आता तडकले आहे आणि 'बालवाचन वर्ग, मौजे बोरडोह, तालुका वणी' या अक्षरांपैकी निम्मीच कागदावर उमटतात. माझ्याकडून आता काही काम होत नाही. म्हणून सांगायला वेळ आहे.

माझा जन्म एका नकारातून झाला. सन एकोणीसशे बासष्टच्या उन्हाळ्यात सत्यशीला नावाची बाई बोरडोहहून अकरा मैल चालत वणीला आली होती. तिच्या पिशवीत एक अर्ज होता. बोरडोहला शाळा नव्हती. जवळची शाळा नाल्यापलीकडे तीन मैलांवर होती आणि पावसाळ्यात नाला मुलांना पलीकडे जाऊ देत नसे. सत्यशीला सातवी शिकलेली होती. गावातल्या बौद्ध वस्तीने धम्म घेतल्यावर टिनाचा एक विहार बांधला होता. त्याच विहारात ती रोज सकाळी मुलांना जमवून वाचायला शिकवी. मुलगे, मुली, तांड्यावरची दोन पोरे, जंगलातल्या कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे पाड्यावरची काही. पुस्तक एकच होते. ते मध्ये ठेवून मुले गोल बसत, त्यामुळे अर्धी मुले उलटी अक्षरे वाचायला शिकली होती.

अशा वर्गांना पाट्या आणि पुस्तकांसाठी अनुदान मिळणार, असे तिने ऐकले होते. कचेरीतल्या कारकुनाने अर्ज पाहिला आणि परत दिला.

"शिक्का कुठं हाय, बाई?"

"शिक्का कायले पाह्यजे जी? सही हाय ना."

"सही कोनीबी करते. शिक्का आना."

तिने वाद घातला नाही. बाजारात जाऊन शिक्केवाल्याला मजकूर सांगितला. त्याने शिशाची अक्षरे जुळवली, साच्यात तापलेले रबर दाबले आणि मला मुठीवर चिकटवले. तिने मला पहिल्यांदा उमटवून पाहिले तेव्हा तिची सहा वर्षांची मुलगी विशाखा शेजारी उभी होती. तिने बोट ठेवून "बा, ल, वा, च, न" असे वाचले. शिक्केवाला म्हणाला, "पोरगी सरळ वाचते." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. ते माझे नव्हते, तिचे होते. पण मला चालले.

पहिला अर्ज त्या वर्षी पोचला, पण नोंद राहून गेली असे उत्तर आले. दुसऱ्या वर्षी नियम आला. वर्गात सहा ते चौदा वर्षांची निदान तीस मुले हवीत. त्यांची यादी हवी. अधिकारी येऊन नावे पुकारतील आणि प्रत्येकाकडून वाचून घेतील. सत्यशीलाने यादी केली. बत्तीस नावे झाली. बाराव्या क्रमांकावर विशाखा भीमराज हे नाव होते. खाली मी उमटलो. यादी कचेरीत गेली आणि तिची प्रत घरी राहिली.

श्रावणात पटकीची साथ आली.

मी तेव्हा विहारातल्या कोनाड्यात होतो. वर्ग बंद होता. सतरा दिवस कोणी आत आले नाही. मी वाट पाहत होतो असे म्हणायला हवे, पण तसे काही नव्हते. मी नुसता होतो.

अठराव्या दिवशी सत्यशीला आली. तिच्यासोबत तिचा नवरा भीमराज होता. तो वणीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जात असे. तिने यादीची प्रत जमिनीवर पसरली. एक तांड्यावरचा मुलगा, दोन वस्तीतली मुले आणि बाराव्या क्रमांकाची मुलगी. चार जण आता नव्हते.

तिने टाक उचलला. भीमराजने तिचे मनगट धरले.

"राहू दे ना नावं," तो म्हणाला. "बत्तीसच राहू दे. कागदच तर हाय. अठ्ठावीसावर पुस्तकं भेटत नाही."

"वामनराव सायेब येऊन राह्यले पुढच्या सोमवारी. नावं पुकारतील."

"मंग?"

"मंग कोन उभं राहीन?"

भीमराजने मनगट सोडले. तो बाहेर जाऊन पायरीवर बसला. सत्यशीलाने चार नावांवर चार रेघा मारल्या. सरळ रेघा, पट्टी लावून. कागदावर खाडाखोड केली तर तिथे सही आणि शिक्का लागतो, असा कचेरीचा नियम आहे. तिने प्रत्येक रेघेपाशी सही केली आणि मला प्रत्येक ठिकाणी दाबले. पहिले तीन ठसे नीट आले. चौथ्या वेळी शाई कमी पडली. तिने मला पुन्हा शाईच्या गादीवर टेकवले आणि बाराव्या क्रमांकापाशी पुन्हा उमटवले. मित्रांनो, तो ठसाही सरळ आला.

सोमवारी वामनराव आले. ते शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी होते. चांगला माणूस. त्यांनी मुलांकडून वाचून घेतले, उलटे वाचणाऱ्यांना पुस्तक फिरवून दिले. मग सत्यशीलाने दुरुस्त यादी पुढे केली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्याकडे जी यादी आलेली आहे तिच्यात बत्तीस आहेत. ही मी पाहिली नाही असं समजा."

"पाहा जी. पाह्यसाठीच शिक्का मारला मी."

"वर्ष जाईल तुमचं."

"जाऊ द्या."

त्यांनी यादी घडी करून खिशात ठेवली. महिन्याने अर्ज परत आला. कारण एका ओळीत लिहिले होते: संख्या अपुरी. सत्यशीलाने तो कोनाड्यात माझ्याखाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग घेतला. त्या काळात ती मुलांना शिकवी, घरी जाई, स्वयंपाक करी, शेतात निंदणाला जाई. कोणी विचारले तर उत्तर देई. आपणहून बोलत नसे.

पुढच्या उन्हाळ्यात एके सकाळी पोडावरून जमनी आली. ती कोलाम बाई जंगलखात्याच्या कामावर जात असे. तिच्या मागे पाच मुले होती. तिची स्वतःची मुलगी बिजली सगळ्यांत पुढे होती. जमनी दारातच थांबली.

"बाई, तुह्या यादीत जागा हाय म्हनते."

सत्यशीला उठून दाराशी आली.

"हाय," ती म्हणाली. "या आत."

तिने नवा कागद घेतला आणि पहिल्यापासून, वयाप्रमाणे नावे लिहिली. बाराव्या क्रमांकावर बिजलीचे नाव आले. ते मुद्दाम नव्हते. क्रमाने आले. एकूण तेहतीस झाली आणि तिसरा अर्ज गेला.

वामनराव पुन्हा आले, त्यांनी नावे पुकारली आणि तेहतीस मुले उभी राहिली. सन पासष्टच्या दिवाळीनंतर बैलगाडीतून एक पेटी आली. पाट्या, अंकलिप्या, आणि एकशे चौदा गोष्टींची पुस्तके. सत्यशीलाने दिवसभर बसून मला प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर उमटवले. माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम ते. ती हसली नाही, रडलीही नाही. ठसा तिरपा तर आला नाही ना, एवढेच पाहत होती.

पेटीसोबत नियमांचा कागद होता. पुस्तके वर्गाबाहेर नेऊ नयेत. बिजलीने त्याच दिवशी विचारले, "बाई, हे पोडावर नेऊ?"

सत्यशीलाने कागदाकडे पाहिले. मग पुस्तकाकडे.

"ने."

पुस्तक पंधरा दिवसांनी परत आले. चुलीच्या धुराने कडा काळ्या झाल्या होत्या, एका पानावर हळदीचे बोट होते, पाठीवर कोणीतरी डिंक लावून चिंधी चिकटवली होती. बिजली म्हणाली की पोडावर सगळ्यांना वाचून दाखवले, म्हाताऱ्यांनी परत परत वाचायला लावले. मग तिने तिथेच उभी राहून वाचायला सुरुवात केली. पहिले पान. दुसरे पान. अडखळली, पुढे गेली. सत्यशीला भिंतीला टेकून ऐकत होती. पाचव्या पानावर तिने पदर तोंडाला लावला आणि ती खाली बसली. बिजली थांबली.

"थांबू नको," सत्यशीला पदराआडून म्हणाली. "वाच."

बिजलीने शेवटपर्यंत वाचले. सव्वादोन वर्षांत सत्यशीला पहिल्यांदा रडत होती, आणि वर्गातली मुले गप्प बसून गोष्ट ऐकत होती.

पुढे अडुसष्टमध्ये बोरडोहला सरकारी शाळा झाली. शाळेला स्वतःचा शिक्का होता, गोल, लोखंडी मुठीचा. मला खडूच्या तुकड्यांबरोबर एका डब्यात टाकले. वाईट वाटले का, असे तुम्ही विचाराल. फारसे नाही. रबर झिजायचेच.

तुम्हाला माझी एकच विनंती आहे. तुमच्या शाळेच्या कपाटात पहिल्या पानावर जांभळा ठसा असलेले एखादे पुस्तक असेल. ते मागा. घरी न्या. मळले तर मळू द्या, फाटले तर डिंकाने चिकटवा. पण ते कोरे राहू देऊ नका. ते सहज आलेले नसते. कोणीतरी तुमच्यासाठी ते तीन-तीन वेळा अर्ज करून मागितलेले असते.