आपोआप लागणारं कुलूप

"बाई, त्या पेटीचं झाकण पडलं की कुलूप आपोआप लागतं. पोराला जरा लांब ठेवा," लिलावघराचे म्हातारे हमाल थोरवाल्ड म्हणाले.

"अहो काका, हा आस्गर माझी बाही सोडेल तर शपथ!" हेन्रिएट हसली आणि चांदीच्या चमच्यांकडे वळली.

मित्रांनो, ती पेटी म्हणजे मी. डेन्मार्कच्या एका खेड्यात सुताराने मला ओकच्या लाकडातून घडवलं, मारेन नावाच्या नवरीसाठी. झाकणाच्या आत निळी फुलं रंगवली. "कुलूप लावायला विसरली तरी बिघडत नाही!" म्हणून गाव तिला चिडवायचं. तिची तागाची वस्त्रं मी जन्मभर सांभाळली. पुढे नातवंडांनी मला गोठ्यात ढकललं. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. शेवटी इथे आले.

लिलावाच्या आदल्या दिवशी लोक माल बघायला येतात, खण उपसतात, खुर्च्या उलट्या करतात. विलाड्स हा जुन्या सामानाचा व्यापारी. त्याला माझी फुलं आवडली. ती दुसऱ्या कुणाला दिसू नयेत म्हणून माझ्यावर ठेवायला तो कपांचं खोकं आणायला गेला, झाकण उघडंच टाकून. तेवढ्यात आस्गर माझ्यात उतरला आणि लपाछपीच्या हौसेने त्याने झाकण ओढलं. टक्!

विलाड्स परतला. झाकण कुणीतरी लावलंय हे बघून खूश झाला आणि खोकं वर ठेवलं.

मला ओरडता येत नव्हतं. केसाएवढी फट द्यावी म्हटलं, तर सांधे घट्ट. याच घट्टपणाचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं!

"आस्गर! कुणी पाहिलं का हो माझ्या बाळाला?" हेन्रिएट पडद्यांमागे, टेबलांखाली शोधत होती.

"बाहेर केक खात असेल, ताई," विलाड्स म्हणाला. खोक्यातले कप किणकिणले. "ही फळ्यांची जमीन! कुणी चाललं की सगळं नाचतं."

आतले ठोसे मंदावत चालले होते.

"कुणीही हलू नका!" हेन्रिएट किंचाळली. सगळे थबकले.

कप तरीही वाजले. एकदाच.

थोरवाल्डनी खोकं ढकलून दिलं, कप फुटले, किल्ली फिरली. आस्गर घामाने निथळत होता, ओठ निळसर पडले होते. रडायलाही त्याला वेळ लागला. विलाड्स टोपी काढून भिंतीशी उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यावर बोली लावलीच नाही.

माझं कुलूप आता काढून टाकलंय. पण मित्रांनो, तुमच्या घरातल्या पेट्या-कपाटांनाही माझ्यासारखाच आवाज नाही. म्हणून विनवते, घरातलं धाकटं भावंड बराच वेळ गप्प असेल, तर हे पान इथेच ठेवा आणि ते कुठे आहे, बघून या.