चुकून नाही

अणुवीज केंद्राचा घुमट उभा राहत होता तेव्हा आक्का शाळेत जात होती. घुमटाजवळ गेलं की केस गळतात, असं लोक बोलायचे. तिचे वडील तिथे गवंडी होते, पण त्यांचं टक्कल घुमटाच्याही आधीचं. पुढे त्याच केंद्रात, परीक्षेत दोनदा आपटी खाऊन, ती पाळीप्रमुख झाली. नियंत्रण कक्षातली मधली खुर्ची तिची झाली, आणि त्या खुर्चीवर तिचा भारी जीव.

त्या सकाळी बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या दोन काट्यांपैकी एक हळूहळू उतरू लागला. दुसरा जागचा हलेना. पाणी खरंच आटत असेल, तर अणुभट्टीची उष्णता जायची कुठे? आक्काने लाल बटण दाबलं. भट्टी विझवणारे दांडे सरसर खाली गेले आणि ती विझली.

केंद्राचे मोठे साहेब धापा टाकत आले.

"आक्का, घड्याळ बघा! अर्धा तास आहे हातात."

ते खरंच होतं. विझलेल्या भट्टीत झेनॉन नावाचा वायू साठत जातो. लगेच पेटवली तर पेटते, नाहीतर तो उतरेपर्यंत दीडेक दिवस ढिम्म बसून राहते. आणि पाळीप्रमुखाने होकार दिल्याशिवाय ती पेटवायची नाही, असा नियम.

"काटाच बिघडलाय. हो म्हणा."

"कशावरून?"

"माझा अनुभव सांगतो ना!"

"अनुभव बॉयलरमध्ये बुडवून बघता येत नाही, साहेब. माणूस पाठवलाय. तो बघून येऊ दे."

"कारखाने बंद पडतील! वरून मला फोनवर फोन येतायत!"

"मग फोन उचला. मी इथे बसलेय."

साहेब येरझारा घालत राहिले. अर्धा तास गेला, त्यानंतरही बराच वेळ गेला, तेव्हा कुठे माणूस परतला. काट्याच्या नळीचा सांधा गळत होता. बॉयलरमध्ये पाणी पुरेपूर होतं.

साहेबांचा चेहरा उजळला. "बघा! म्हणजे चुकलात. आता पाळी सोपवताना सगळ्यांसमोर म्हणायचं, चुकून बंद केली. नाहीतर ही खुर्ची विसरा."

"पाणी आहे हे आत्ता कळलं. तेव्हा मलाही माहीत नव्हतं आणि तुम्हालाही."

"म्हणणार की नाही?"

आक्काने नोंदवही पुढे ओढली आणि भट्टी बंद केल्याची वेळ लिहिली.

दुपारच्या पाळीला तिचे व्याही आले. आवाजामुळे सगळे त्यांना नगारा म्हणत. बंद भट्टी बघून ते म्हणाले, "काय विहीणबाई, पाहुण्याला गार वाढलंत?"

पाळी सोपवायची तिथली रीत अशी, की देणाऱ्याने मोठ्याने सांगायचं आणि घेणाऱ्याने तेच शब्द जसेच्या तसे परत म्हणायचे. कुणाची ऐकण्यात गफलत नको.

"भट्टी बंद आहे," आक्का म्हणाली.

"भट्टी बंद आहे!" नगारा वाजला.

"दांडे तळाशी आहेत."

"दांडे तळाशी आहेत!"

"एका काट्याची नळी गळतेय."

"एका काट्याची नळी गळतेय!"

आक्का थांबली. साहेबांनी घसा खाकरला. "चुकून," ते हळूच म्हणाले.

तिने आधी साहेबांकडे आणि मग खुर्चीकडे पाहिलं.

"चुकून नाही," ती म्हणाली. "काटा उतरत होता म्हणून बंद केली. परत उतरला तर परत करीन."

नगाऱ्याने छातीभर श्वास घेतला. "चुकून नाही! काटा उतरत होता म्हणून बंद केली! परत उतरला तर परत करीन!"

"तुम्ही कशाला बंद करताय?" साहेब खेकसले.

"जसंच्या तसं म्हणायचं असतं, साहेब."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचे कान लाल झाले. "गेली तुमची खुर्ची, आक्का."

"गेली तर गेली." तिने चष्मा पुसून डबीत ठेवला आणि व्याह्यांना म्हणाली, "बसा. माझ्या मापाने उंच केलीय, तुमचे गुडघे लागतील. जरा खाली करून घ्या."

आणि ती दाराकडे निघाली.