आकाशातल्या दगडाचं बारसं

ऋतुजानं शोधलेल्या लघुग्रहाची कक्षा एकदाची पक्की झाली, त्याला कायमचा क्रमांक मिळाला आणि आता नाव सुचवा असा निरोप परदेशातून आला. लातूरच्या क्लासमध्ये पोरांना भौतिकशास्त्र शिकवणारी ऋतुजा आनंदानं नाचायचीच बाकी होती. पण ही बातमी तिनं सासरी आणि माहेरी एकाच दिवशी सांगितली, ती मोठी चूक झाली.

रविवारी सकाळीच अर्धापूरहून वडील, वैजनाथराव, केळीचा घड खांद्यावर टाकून हजर झाले. सासरे वीरण्णा यांची डाळ मिल होती. ते बैठकीत तयारच बसले होते.

"पोरगी आमची, गाव आमचं," वैजनाथराव म्हणाले. "नाव अर्धापूर."

"आख्खा दगड असून अर्धा कसा म्हणायचा?" वीरण्णांनी विचारलं.

"मग लातूर ठेवा. तिथं बी टँकर धाडावा लागल."

सासूबाई गुरम्मा चहा घेऊन आल्या आणि हसू लपवायला पुन्हा आत गेल्या. वीरण्णांनी घसा साफ केला. "आमच्या आजोबांचं नाव देऊ. गुरुलिंग."

"मामा, ते मिलच्या पोत्यावर छापलंय," ऋतुजा म्हणाली. "धंद्याची जाहिरात चालत नाही."

"तर मग आपल्या आमदाराचं द्या," वैजनाथराव म्हणाले.

"पुढारी मरून शंभर वर्षं झाल्याशिवाय चालत नाही, बाबा."

"शंभर वर्षं? तवर त्याचं नाव कोण घिऊन राहिलंय!"

दुपारपर्यंत भांडण दगड सोडून लग्नातल्या मानपानावर गेलं. ऋतुजा उठून गच्चीवर गेली. तिला नववीचा वर्ग आठवला. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीनं आकाशाच्या एकाच तुकड्याचे ओळीनं चार फोटो काढले होते आणि शाळेतली पोरं त्यात हलणारा ठिपका शोधून तिकडं कळवत होती. ऋतुजाला एक अंधुक ठिपका दिसला. माशीची घाण असेल म्हणून तिनं ओढणीनं कॉम्प्युटरचा पडदा पुसला. ठिपका जाईना. पोरं हसली. तेव्हा गणिताच्या कमरुन्निसा बाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"घाण असती तर चारी फोटोंत एकाच जागी दिसली असती," बाई म्हणाल्या. "ही सरकून राहिली. पाठव."

"चुकलं तर, बाई?"

"तर चुकलं. फाशी देतेत का?"

मग कितीतरी वर्षं जगभरच्या दुर्बिणी त्या ठिपक्याच्या मागावर राहिल्या. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातून तो सूर्याला फेरी घालत होता, ठरल्या वेळी ठरल्या जागी सापडत होता.

ऋतुजानं गच्चीवरूनच बाईंना फोन लावला. निवृत्तीनंतर त्या कंधारला राहत होत्या.

"माझं नाव दगडाला?" बाई ओरडल्या. "अगं, पोरं मागं मला दगडच म्हणायची! आता कायमचा शिक्का मारतीस व्हय?"

"नको का, बाई?"

"स्पेलिंग नीट लिही," बाई म्हणाल्या. "न दोनदा येतो."

खाली येऊन ऋतुजानं नाव सांगितलं. दोन्ही व्याह्यांनी एकमेकांकडं बघितलं. आपलं नाही, पण समोरच्याचंही नाही, हे दोघांनाही पटलं.

नाव मंजूर झालं तसे दोघं एकाच गाडीतून कंधारला सत्काराला निघाले. वाटेत शालीवरून वाजलं. शाल एकच आणली होती, आणि ती बाईंच्या खांद्यावर घालायची कुणी? बाईंच्या दारात शेळी बांधली होती; तिथं पोचले तरी दोघांच्याही मुठीत शालीचं एकेक टोक होतं.

बाईंनी दोघांना वर्गातल्या पोरांसारखं न्याहाळलं आणि पाठ वळवून उभ्या राहिल्या.

"दोघं मिळून घाला," त्या मान मागं वळवून म्हणाल्या. "आणि वैजनाथराव, टोक वर धरा. शेळी खाऊन राहिली."