बार्तुलने जिंकलेला तिसरा डाव

मी बोलतोय तो झावालित्सा गावातून, तोंकाच्या खानावळीतून, वाइनच्या दोन पिंपांच्या मधून. इथे गार असतं, आणि माझ्यासारख्या तापट यंत्राला गारवा लागतो. दिसायला मी नुसतं काळं खोकं. पण या गावाचं जे काही जगाला दिसतं, ते माझ्या पोटातून जातं. मी सर्व्हर आहे.

उमेदीची वर्षं मी स्प्लितमधल्या एका दातांच्या डॉक्टरकडे काढली. अर्ध्या शहराच्या दाढांची चित्रं माझ्यात होती. एका बिशपची किडकी दाढ इतकी ठणकायची की मला ताप यायचा. खोटं वाटतं ना? सगळ्यांनाच वाटतं. पुढे नवं यंत्र आलं आणि मला अडगळीत टाकलं. तोंका तिथे दात काढायला गेली होती. दात ठेवून आली, मला घेऊन आली.

मला आणलं ते पत्त्यांसाठी. या गावचे निम्मे लोक कधीच चिलीला, आंतोफागास्ताला जाऊन राहिले. पण ब्रिश्कुलाचा डाव त्यांना इथलाच बघायचा असतो. आधी एका मोठ्या कंपनीच्या साइटवरून दाखवायचे. एकदा ऐन रंगात आलेल्या डावात मागच्या रेडिओवर कुणाच्या तरी मालकीचं गाणं लागलं, आणि कंपनीने प्रक्षेपणच बंद पाडलं. चिलीहून शिव्यांचा पाऊस पडला. ‘बस झालं,’ तोंका म्हणाली. ‘आपली चूल आपण मांडू.’ थेट प्रक्षेपणाचा एक फुकटचा प्रोग्राम आहे. त्याचा कोड कुणीही उघडून वाचावा, हवा तसा बदलावा. तो तिने चष्मा पुसत, मला शिव्या घालत माझ्यात बसवला.

माझी एक खोड आहे. मी चित्राचे तुकडे करतो आणि तुकडा भरला की पुढे पाठवतो. म्हणून लोकांना ‘थेट’ दिसतं ते अर्ध्या मिनिटापूर्वीचं असतं. चिलीत कुणाला फरक पडतो? फरक पडला तो समोरच्या घरात.

बार्तुल आणि येरे हे सख्खे भाऊ. बापाची होडी बांधायची जागा धक्क्याच्या आत, एकच. बाहेर बांधली की दक्षिणेचा वारा होडी दगडावर आपटतो. बार्तुल मासे धरून जगतो. होडी गेली तर त्याला म्युनिकला मुलाच्या घरी जाऊन बसावं लागलं असतं. येरे फक्त रविवारी हौसेने समुद्रात जातो, पण हट्टाला दोघे सारखेच. शेवटी ठरलं: संत रोकच्या सणाला ब्रिश्कुला, तीन डाव, दोन जिंकेल त्याची जागा.

माझ्या कॅमेऱ्याची वायर आखूड, म्हणून तो येरेच्या खांद्यामागे लावला. त्याच्या हातातली पानं सगळ्या जगाला दिसत होती.

‘दिसू देत,’ येरे म्हणाला. ‘चिलीहून पोहत येऊन सांगणार आहेत काय?’

डाव सुरू झाला. कोण कुठून बघतंय, हे चाळायचा मला छंद. आंतोफागास्ता, आंतोफागास्ता... आणि हे कोण? चाळीस पावलांवरून? तेवढ्यात उघड्या दारातून पलीकडच्या खिडकीतली मांडा दिसली, बार्तुलची बायको. काखेत टॅब्लेट, समोर बोळावरून ओढायची धुण्याची दोरी. येरेकडे हुकूम आला की चादर बाहेर यायची. काही नसलं की पायमोजा.

पण माझा उशीर! चादर यायची तेव्हा हुकूम पडून गेलेला असायचा. पहिला डाव बार्तुल धुण्यावर भरवसा ठेवून साफ हरला.

बार्तुल मात्र जातीचा कोळी. गळ टाकून बसणं त्याला नवं नव्हतं. दुसऱ्या डावात त्याने प्रत्येक पानाआधी पाइप काढला, झटकला, भरला, समोरची दोरी हलेपर्यंत.

‘अरे, टाक की पान!’ येरे ओरडला. ‘माझं श्राद्ध घालून मग टाकणार आहेस का?’

‘घाई काय आहे? सण आहे.’

दोरीवर पायमोजा आला. बार्तुलने पान टाकलं. दुसरा डाव त्याचा.

येरे उठला. दारापर्यंत गेला. ‘संत रोकच्या दिवशी कुणी धुणं काढतं का?’ तो पुटपुटला आणि दार लावून परत बसला.

तिसऱ्या डावात बार्तुल वळून वळून बंद दाराकडे बघत होता. गठ्ठ्यात चारच पानं उरली असताना त्याने नाइलाजाने दहा गुणांची तिर्री खाली ठेवली. येरेकडे हुकमाचा एक्का होता. तो टाकला की डाव, जागा, सगळं त्याचं. मी बघत होतो. चिली बघत होती. येरेने एक्क्यावर अंगठा ठेवला, भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि शेजारचं टाकाऊ पान टाकलं.

अर्ध्या मिनिटाने ते चिलीत दिसलं. एरवी तिथून चॅटवर इतकी बडबड येते की माझा पंखा गरगरतो. त्या क्षणी एक अक्षर आलं नाही.

पुढे येरेचा एक्का बाहेर पडला, पण फार उशिरा. बार्तुल जिंकला. दुसऱ्या दिवशी तो खानावळीत आला.

‘तोंका, कालचं लाव. तिर्रीच्या वेळी एक्का त्याच्या हातात होता की त्याने मागाहून उचलला, मला बघायचंय. भीक घातलेल्या जागेत मी होडी बांधणार नाही. सरळ म्युनिकला जाईन.’

ते चित्रण कंपनीकडे असतं तर कुणाच्या तरी गोदामात पडून राहिलं असतं. इथे मालकीण तोंका, आणि तिने तेवढा भाग सकाळीच पुसला होता.

‘नेमकं तेवढंच अडकलं बघ,’ ती म्हणाली. ‘जुनं यंत्र आहे.’

‘माझ्याकडेही तिथेच अडकलं,’ त्याच्या मागोमाग आलेली मांडा घाईने म्हणाली.

बार्तुलने आंतोफागास्ताला फोन लावला. आतेभाऊ, मावशी, पाद्री. सगळ्यांकडे तिथेच अडकलेलं! कोपऱ्यात येरे आपल्या ग्लासात बघत बसला होता.

‘भंगार!’ बार्तुल माझ्यावर खेकसला.

मी आयुष्यात कधी अडकलेलो नाही. पण तुम्ही झावालित्साला आलात आणि बार्तुलने तुमच्यापुढे माझी अब्रू काढली, तर कृपा करून त्याच्या हो ला हो म्हणा. त्याची होडी धक्क्याच्या आत आहे, आणि रविवारी येरेसमोर पत्ते पिसायला तो इथेच असतो.