मोतीरामच्या हाताची बदनामी

मी मोतीरामच्या मेंदूतली एक जुनी पेशी आहे. सौसरच्या बागांमध्ये संत्र्याची कलमं बांधणारा तो मोतीराम! मेंदूच्या तळाशी बसून आम्ही पेशी एक रसायन बनवायचो, त्यावरच त्याचे हात झरझर चालायचे. बागमालक त्याची वाट पाहायचे. विहारात पंचशील सांगायचा मानही त्याचाच होता.

मित्रांनो, माझ्या पोटात प्रथिनं तयार होतात. त्यांची घडी नीट बसली तरच ती कामाची. वय म्हणा, फवारणीचं विष म्हणा, कशाचा ताण आला ते मलाही ठाऊक नाही; पण एका प्रथिनाच्या घड्या चुकू लागल्या. बिघडलेली प्रथिनं एकमेकांना चिकटली, त्यांचे गोळे झाले. ते साफ करता करता माझा जीव मेटाकुटीला आला. शेजारणी तर एकेक करून मेल्या. रसायन आटलं. मोतीरामनं हात मांडीवर ठेवला की तो थरथरायचा, पाय फरफटायचे, शब्द तोंडातच विरायचे.

आणि लोक काय म्हणाले? दारू! नशा न करण्याचं पाचवं शील ज्यानं सगळ्यांकडून वदवून घेतलं, तो म्हणे लपून पितो! अरे, मी आत बसलेली आहे, मला विचारा ना! एक थेंब कधी आला नाही.

शहाऐंशी सालच्या बुद्धपौर्णिमेला तो शील सांगायला उठला. विहाराचा अध्यक्ष तुळशीराम भरसभेत म्हणाला, "काका, तुम्ही बसा. पिऊन शील देता काय?"

मोतीरामची बायको लीलाबाई ताडकन उभी राहिली. "काहून बदनाम करून राहिला रे? ये, हुंगून पाह्य ह्यायचं तोंड!"

कुणी जागचं हललं नाही. माझा नुसता संताप झाला, पण मला बोलता कुठे येतं?

पुढल्या वर्षी लीलाबाईनं त्याला नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, हा कंपवात. गोळ्यांनी हात जरा थांबला. ते ऐकून तुळशीराम घरी आला, हात जोडून म्हणाला, "चुकलो काका. या पौर्णिमेले तुम्हीच शील द्या."

मोतीरामनं ओठ हलवले. लीलाबाईनं कान लावून ऐकलं. "आवाजच निघून नाही राहिला म्हणते," ती म्हणाली.

मित्रांनो, मेलेली पेशी परत येत नाही. कुणाचा हात थरथरताना दिसला तर त्याला डॉक्टरकडे न्या हो, दारुडा म्हणायची एवढी कसली घाई!